वर फेकलेल्या चेंडूचं गणित: जी प्लस की मायनस, आणि टाइम मायनस आला तर काय समजायचं

प्रश्न देवगडकडच्या अकरावी सायन्सच्या एका मुलीचा आहे, थोडक्यात असा. समुद्राच्या पाण्यापासून २० मीटर उंच कड्याच्या काठावरून चेंडू सरळ वर १५ मीटर पर सेकंदने फेकला, जी (म्हणजे ग्रॅव्हिटीचं त्वरण, दर सेकंदाला वेग किती बदलतो ते) १० धरायचा, तर तो किती वेळाने पाण्यात पडेल? तिने सोडवलं तर रूटखाली मायनस आकडा आला, मैत्रिणीचं उत्तर १ सेकंद आलं, आणि पुस्तकात मागे उत्तर दिलंय ४ सेकंद. शिवाय तिला विचारायचंय की जी नक्की कधी प्लस घ्यायचा आणि कधी मायनस, कारण क्लासमध्ये "वर जाताना मायनस, खाली येताना प्लस" असं पाठ करून घेतलंय.

मी रत्नागिरीकडे बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय आणि हा गोंधळ दर वर्षी नव्या बॅचमध्ये असतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एक सांगतो, तुझं बीजगणित बरोबर आहे आणि मैत्रिणीचंही बरोबर आहे. तुम्ही दोघींनी दोन वेगळ्याच प्रश्नांची बरोबर उत्तरं काढलीत, विचारलेला प्रश्न तिसरा होता.

ते पाठ केलेलं वाक्य पहिलं डोक्यातून काढ. त्याने उत्तर येतं, नाही असं नाही, पण त्यासाठी प्रवासाचे दोन तुकडे करावे लागतात, आधी वर जायचं मग थांबायचं मग खाली यायचं, आणि प्रत्येक तुकड्याला चिन्हं नव्याने लावावी लागतात, तिथेच माती होते. चेंडूला असले तुकडे माहीत नसतात. हात सुटल्या क्षणापासून पाण्याला लागेपर्यंत त्याच्यावर एकच गोष्ट चालू असते, पृथ्वी त्याला खाली ओढतेय, सारख्याच जोराने, वर जाताना पण, टोकाला पण आणि खाली येताना पण. ओढ बदलत नाही तर तिचं चिन्ह मध्येच का बदलायचं?

मग चिन्ह ठरतं कशावर? तू कुठली दिशा प्लस म्हणतेस त्यावर, आणि ती निवड पूर्णपणे तुझी आहे. फक्त गणित सुरू करायच्या आधी एकदा ठरवायची आणि शेवटपर्यंत बदलायची नाही. वहीत कोपऱ्यात एक बाण काढ, वर तोंड करून, शेजारी प्लस लिही. आता जे जे वर ते प्लस आणि जे जे खाली ते मायनस. फेकलेला वेग वर आहे म्हणून प्लस १५. ग्रॅव्हिटी खाली आहे म्हणून मायनस १०, पूर्ण प्रवासभर. आणि पाणी? आपण मोजायला सुरुवात काठापासून केली, पाणी काठाच्या खाली २० मीटर, म्हणजे विस्थापन मायनस २०. इथे बहुतेक सगळी मुलं प्लस २० लिहितात, कारण "उंची २० मीटर" असं वाचलेलं असतं. फॉर्म्युल्यातला एस म्हणजे चेंडूने कापलेलं एकूण अंतर पण नाही आणि कड्याची उंची पण नाही, सुरुवातीच्या जागेपासून शेवटची जागा कुठे आहे एवढंच तो सांगतो.

आता एस = यूटी + ½एटी² मध्ये घाल (यू सुरुवातीचा वेग, ए त्वरण, टी वेळ).

−२० = १५टी − ५टी²

पाचाने भागून सगळं एका बाजूला घे, टी² − ३टी − ४ = ०, म्हणजे (टी − ४)(टी + १) = ०. टी ४ किंवा मायनस १. चेंडू ४ सेकंदाने पाण्यात. वेग हवा असेल तर १५ − १० × ४ = −२५, म्हणजे २५ मीटर पर सेकंदने, मायनस आहे म्हणजे खालच्या दिशेने. वर किती गेला, कुठे थांबला, काही काढावं लागलं नाही. ताळा करायचा असेल तर तुकडे करूनही बघ, वर जायला दीड सेकंद, काठापासून ११.२५ मीटर वर, मग तिथून ३१.२५ मीटर खाली यायला अडीच सेकंद, बेरीज चारच.

आता तुझं उत्तर बघू. तू ग्रॅव्हिटी मायनस घेतलीस ते बरोबर, पण एस प्लस २० टाकलास. मग २० = १५टी − ५टी², म्हणजे टी² − ३टी + ४ = ०, आणि रूटखाली ९ − १६ = −७. तू इथे वैतागून पान फाडलंस असं लिहिलंयस, पण थांब, ते समीकरण तुझ्याशी खरं बोलत होतं. प्लस २० लिहून तू विचारलंस की चेंडू काठाच्या वर २० मीटरवर कधी पोहोचेल, आणि गणिताने सांगितलं की कधीच नाही. पोहोचणार कसा, तो जातोच ११.२५ मीटरपर्यंत! रूटखाली मायनस आलं की माझ्या मुलांना मी सांगतो, खोडायच्या आधी विचारा की आपण चेंडूला न जमणाऱ्या जागी तर बोलावलं नाही ना.

मैत्रिणीने सगळंच प्लस घेतलं, २० = १५टी + ५टी², म्हणून टी = १. तिचा बाण खाली तोंड करून आहे, पाणी खाली म्हणून प्लस, ग्रॅव्हिटी खाली म्हणून प्लस, इथपर्यंत चोख. पण मग वर फेकलेला १५ चा वेग मायनस हवा होता. तो प्लस ठेवल्यामुळे तिचा चेंडू कड्यावरून खालीच फेकला गेला, आणि खाली फेकलेला चेंडू खरंच १ सेकंदात पाण्यात जातो. तिने मायनस १५ घातलं असतं तर २० = −१५टी + ५टी², म्हणजे तेच टी² − ३टी − ४ = ०. बाण वर काढा नाहीतर खाली, समीकरण एकच येतं.

राहिला तो मायनस १ सेकंद. पुस्तकात "टाइम निगेटिव्ह असू शकत नाही म्हणून सोडून द्या" एवढंच लिहून पुढे जातात, आणि मला ते पटत नाही, कारण त्या आकड्याला अर्थ आहे. टी = −१ ला वेग किती येतो बघ, १५ + १० = २५, वरच्या दिशेने. म्हणजे तू काठावरून चेंडू फेकण्याच्या १ सेकंद आधी जर कोणी खाली पाण्याच्या पातळीवरून २५ ने तो वर फेकला असता, तर तुझ्या हाताजवळून तो बरोबर १५ ने गेला असता आणि पुढचा सगळा प्रवास तुझ्या चेंडूसारखाच झाला असता. समीकरणाला माहीत नसतं की चेंडू तुझ्या हातातून सुटला, ते आख्खी वाट दाखवतं, मागची पण आणि पुढची पण. शिवाय बघ, पाण्यातून निघताना २५ आणि पाण्यात पडताना २५. एकाच उंचीवर वर जातानाचा आणि खाली येतानाचा वेग सारखा असतो, तो नियम इथे आपोआप दिसतो.

(हे प्रत्यक्ष करून बघायला आरे-वारेच्या किंवा कुठल्याही कड्यावरून काही फेकू नका हं. ओहोटीला खाली कातळावर कालवं काढायला बायका बसलेल्या असतात, वरून दिसतही नाहीत. २५ मीटर पर सेकंद म्हणजे ताशी ९० किलोमीटर.)

आता टोकाबद्दल, कारण तुझ्या प्रश्नात खाली एक ओळ आहे, "टोकाला वेग शून्य म्हणजे ग्रॅव्हिटी पण शून्य ना?" नाही. हा सीईटी-नीटमध्ये हमखास विचारला जाणारा मुद्दा आहे. टोकाला वेग शून्य असतो, त्वरण तेवढंच असतं, १० खाली. ते जर शून्य झालं असतं तर चेंडू तिथेच लटकत राहिला असता, त्याला परत खाली आणायला कारणच उरलं नसतं.

पण टोकाजवळ वस्तू रेंगाळल्यासारखी दिसते हे मात्र खरं, आणि ते बघायचं असेल तर मे महिन्यात घराची शाकारणी, म्हणजे पावसाआधी छपराची कौलं नीट बसवणं, चालू असते तेव्हा खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहून बघ. खालचा गडी कौल वर फेकतो आणि छपराच्या रिपांवर (लाकडी पट्ट्यांवर) बसलेला ते अलगद घेतो, जणू कोणी हातात आणून दिलं. चांगली जोडी असेल तर कौलाचा आवाज पण होत नाही. समजा खालच्याच्या हातापासून वरच्याच्या हातापर्यंत ३ मीटर आहेत. कौल बरोबर तिथे पोहोचून थांबायला हवं, तर सुरुवातीचा वेग २ × ९.८ × ३ चं वर्गमूळ, साधारण ७.७ मीटर पर सेकंद. वर जायला पाऊण सेकंदाहून किंचित जास्त, ०.७८. आता या ०.७८ चा अर्धा वेळ घे, ०.३९ सेकंद. तेवढ्यात कौल किती वर गेलं असेल? अर्धं नाही, पाऊण भाग, सव्वादोन मीटर! उरलेल्या अर्ध्या वेळात ते फक्त वरचे ७५ सेंटीमीटर चढतं. आणि वरच्याने धरलं नाही तर तेच ७५ सेंटीमीटर परत उतरायला आणखी ०.३९. म्हणजे एकूण वेळातला अर्धा वेळ कौल वरच्या पाव उंचीतच असतं, म्हणून वरच्याला हात पुढे करून ते उचलायला सवड मिळते. कुठल्याही उंचीला हा हिशोब असाच, अर्धा वेळ पाऊण उंची, पाठ करून ठेव, ऑब्जेक्टिव्हमध्ये कामाला येतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. खालच्याने जरा जोर लावला आणि ७.७ च्या जागी ८ ने फेकलं, तर वरच्याच्या हाताशी कौल कितीने येईल? तुला वाटेल ०.३ ने. व्ही² = यू² − २जीएच मध्ये घाल (व्ही तिथला वेग, एच उंची), ६४ − ५८.८ = ५.२, वर्गमूळ जवळजवळ २.३. आणि ९ ने फेकलं तर ८१ − ५८.८ = २२.२, म्हणजे ४.७ मीटर पर सेकंद, दोन-अडीच किलोचं मंगलोरी कौल त्या वेगाने बोटांवर. उलट ७.५ ने फेकलं तर २.८७ मीटरवरच थांबलं, हाताला १३ सेंटीमीटर कमी पडलं, वाकून घ्यायला लागलं. वेगांची सरळ वजाबाकी चालत नाही, वर्गांची होते, हे वाक्य मी फळ्यावर शंभर वेळा लिहिण्यापेक्षा एकदा शाकारणी बघितलेली मुलं पटकन समजतात. आणि त्या गड्यांच्या हाताला हे गणित किती बारीक बसलेलं असतं, दिवसभर शेकडो कौलं एकसारखी, ते बघून मला दर वेळी त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

एक फॉर्म्युला देतो, पुस्तकात बऱ्याचदा नसतो. खळ्यातून चेंडू वर फेकला, माडीच्या खिडकीसमोरून वर जाताना फेकल्यापासून १ सेकंदाला दिसला आणि उतरताना ३ सेकंदाला दिसला, तर खिडकी हातापासून किती उंच? दोन्ही वेळा एकाच वर्गसमीकरणाची उत्तरं आहेत, म्हणून बेरीज आणि गुणाकार वापर. वेग = ½ × जी × (बेरीज) = ५ × ४ = २०, उंची = ½ × जी × (गुणाकार) = ५ × ३ = १५ मीटर. आणि हाच फॉर्म्युला कड्याच्या गणितात लाव, वेळा ४ आणि −१, बेरीज ३ म्हणून वेग १५, गुणाकार −४ म्हणून उंची −२०. सोडून द्या म्हटलेला मायनस १ इथे कामाला आला.

"वर जाणाऱ्या फुग्यातून दगड सोडला" हा प्रकार पण पेपरात असतो. फुगा कोणी बघितलेला नसतो, ड्रोन सगळ्यांनी बघितलाय, तेव्हा ड्रोन घेऊ. ड्रोन ५ ने वर चाललाय, ३० मीटरवर असताना त्याचा स्क्रू निसटला. "निसटला" वाचून मुलं सुरुवातीचा वेग शून्य घेतात आणि उत्तर २.४५ सेकंद काढतात. स्क्रू ड्रोनसोबत ५ ने वर चाललेला होता, सुटल्यावरही तो वेग त्याच्याकडे राहतो, आधी थोडा वर जातो मगच खाली येतो. −३० = ५टी − ५टी², टी = ३. दोन वस्तूंचा प्रश्न मात्र याहून सोपा असतो. १५ मीटर उंच माडावरून नारळ सुटला त्याच क्षणी खालून दगड १५ ने सरळ वर, कधी भेटतील? दोघांनाही ग्रॅव्हिटी सारखीच ओढते म्हणून आपापसातल्या हिशोबातून ती उडून जाते, १५ भागिले १५, एक सेकंद. जी लागलाच नाही.

आता हवेबद्दल. एवढा वेळ मी हवा नाही असं धरलं, पुस्तकही तसंच धरतं, पण कोकणात राहून हवा विसरून चालत नाही. पावसाचा थेंब २ किलोमीटरवरून पडतो असं धर, हवा नसती तर तो जमिनीवर जवळजवळ २०० मीटर पर सेकंदने आदळला असता, म्हणजे ताशी सातशे किलोमीटरच्या वर. जुलैमध्ये छत्री सोड, कौलं टिकली नसती. प्रत्यक्षात मोठे थेंब सुद्धा ९ मीटर पर सेकंदच्या आसपासच पडतात, कारण हवेचा रोध वेगाबरोबर वाढत जाऊन वजनाइतका होतो आणि वेग वाढायचा थांबतो. आपल्या चेंडूचं तसं टोकाचं होत नाही, पण लेदर बॉल १५ ने जात असेल तर हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका भरतो, म्हणजे अगदी शून्यही नाही.

मग हवा धरली तर वर जायला जास्त वेळ लागेल की खाली यायला? मुलं म्हणतात वर जायला, कारण ग्रॅव्हिटी आणि हवा दोघं मिळून अडवतात. ते अडवतात हे बरोबर, पण त्यामुळे चेंडू लवकर थांबतो, म्हणजे वेळ कमी. खाली येताना हवा ग्रॅव्हिटीच्या उलट, म्हणून तो सावकाश येतो. प्रत्येक उंचीवर उतरतानाचा वेग चढतानाच्या वेगापेक्षा कमी, म्हणून खाली यायला नेहमी जास्त वेळ. टोकाला मात्र वेग शून्य, म्हणून हवेचा रोधही शून्य, आणि नेमक्या त्या एका क्षणाला त्वरण अगदी पुस्तकाएवढं असतं. हवा नसलेल्या जागी हे सगळं स्वच्छ दिसतं, अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने २ ऑगस्ट १९७१ ला चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडून दाखवलं, दोन्ही एकत्रच पडली. तिथे जी १.६२, म्हणजे तोच १५ चा चेंडू तिथे जवळपास ७० मीटर वर गेला असता.

जी ९.८ की १०, हेही विचारलंयस. पेपरात दिलेला असेल तो. १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलेला प्रमाण आकडा ९.८०६६५ आहे, पण तो ठरवून घेतलेला आकडा, प्रत्यक्षात विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ च्या आसपास असतो. आपला किनारा रत्नागिरीजवळ १७ अंशावर, इथे समुद्रसपाटीला सुमारे ९.७८५. १० धरल्याने दोन-सव्वादोन टक्के चूक होते, त्यापेक्षा हवेची चूक मोठी असते.

आणि अजून एक, हे पेपरात येणार नाही पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सरळ वर फेकलेली वस्तू अगदी त्याच जागी परत पडत नाही. पृथ्वी फिरतेय, वस्तू वर गेली की ती पृथ्वीच्या आसापासून जरा लांब जाते, तिचा फिरण्याचा दर किंचित कमी पडतो आणि ती पृथ्वीच्या मागे राहते, म्हणजे पश्चिमेला. हवा धरली नाही तर आपल्या किनाऱ्यावरून २० मीटर पर सेकंदने फेकलेला चेंडू चार सेकंदांनी परत येताना साधारण ८ मिलिमीटर पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला पडेल. वाऱ्याची एक झुळूक याच्या कितीतरी पट हलवते, म्हणून डोळ्याला कधी कळत नाही, पण हिशोबात आहे.

करून बघायचं असेल तर खळ्यात मोबाइलने होतं. लेदर बॉल घे, टेनिसचा नको, तो हलका असल्याने हवा त्याला जास्त धरते. भिंतीजवळ उभी राहून सरळ वर फेक आणि ज्या उंचीवर सोडलास त्याच उंचीवर झेल, दुसऱ्याला बाजूने व्हिडिओ काढू दे. मग फ्रेम मोजून एकूण वेळ काढ. उंची = जी × वेळेचा वर्ग भागिले ८. वेळ १.६ सेकंद आला तर उंची ३.१४ मीटर आणि फेकलेला वेग ७.८, कौलवाल्याच्या जवळपास. भिंतीवर आधीच खडूने दर अर्ध्या मीटरला खूण केलेली असेल तर उंची थेट वाचता येते आणि ताळा मिळतो. फोन सेकंदाला ३० फ्रेम घेत असेल तर एका फ्रेमची चूक उंचीत १३ सेंटीमीटर दाखवते, त्यामुळे स्लो मोशन लाव, २४० फ्रेमला तीच चूक दीड-दोन सेंटीमीटरवर येते.